पंधरा टक्क्यांच्या खाली

भाग्यश्री थोरातने ही गाडी घेतली ती मागच्या सीटखालच्या सॉकेटसाठी. शोरूममधला विक्रेता तिला पडद्याचा आकार आणि सीटचं कापड दाखवत होता, आणि ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, की या सॉकेटवर साडेतीनशे वॅटचं मशीन सलग किती वेळ चालेल. शेवटी त्याने आत जाऊन विचारून आणलं. बॅटरी भरलेली असेल तर दिवसरात्र चालेल. फक्त बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की सॉकेट आपोआप बंद होतो. उरलेली वीज गाडी चाकांसाठी राखून ठेवते.

मशीन तिच्या आईचं होतं. गोजराबाईंनी तीस वर्षं पंचवटीतल्या फुलबाजारात मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती विकली. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने फुप्फुसं कायमची खराब झाली, आणि तेव्हापासून त्यांच्या नाकात चोवीस तास ऑक्सिजनची नळी असायची. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं ते मशीन गुडघ्याएवढं उंच, चौदा किलोचं, आणि विजेशिवाय निकामी. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये त्याची नळी बेडरूमपासून बाल्कनीपर्यंत पोचायची. तेवढंच गोजराबाईंचं जग उरलं होतं.

मे महिन्यात मालेगावहून गुलजारबींचा फोन आला. फुलबाजारात बावीस वर्षं दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. गुलजारबी गुलाब विकायच्या. नंतर त्या मुलाकडे, फराजकडे मालेगावला राहायला गेल्या. त्याचे यंत्रमाग होते. आता फराजच्या मुलीचं, जियाचं लग्न होतं. फोनवर गोजराबाई फक्त "बरं, बरं" म्हणाल्या. दोन दिवस त्यांनी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाल्या, "तुझ्या त्या गाडीत मशीन चालतं ना गं?"

डॉक्टरांनी परवानगी दिली. मशीन चालू हवं, ऊन लागायला नको, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली जायला नको. भाग्यश्रीचा धाकटा भाऊ ललित सिन्नरला असायचा. त्याने मात्र फोनवर साफ नको म्हणून सांगितलं. अशा आजारात माणूस दोनशे किलोमीटर फिरवायचा नसतो, असं तो म्हणाला. भाग्यश्री अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होती. दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने चुकलेला भाग बाजूला काढायचा, हे तिचं काम. तिने ललितला सगळे आकडे सांगितले. एकशे पाच किलोमीटरला पन्नास टक्के बॅटरी लागते. मालेगावला शहराबाहेर फास्ट चार्जर आहे, तिथे अर्ध्या तासात गाडी पुन्हा भरते. शिवाय सोबत लहान सिलिंडर आहे, तो तासभर पुरतो. ललित म्हणाला, तुझे आकडे तुझ्यापाशी ठेव. आणि त्याने फोन ठेवला.

जाताना काहीच अडचण आली नाही. सकाळी लवकर निघाल्या, साडेनऊला मालेगावात पोचल्या. गाडीपासून हॉलपर्यंत पंधरा-वीस पावलं चालायला सिलिंडर वापरला, आणि आत मशीन भिंतीतल्या सॉकेटला लावलं. गुलजारबी सगळे पाहुणे सोडून गोजराबाईंपाशी येऊन बसल्या. दोघी फार बोलल्या नाहीत. गुलजारबींनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि निकाह होईपर्यंत सोडला नाही. जेवणानंतर निरोप घेताना मात्र घाई झाली. जिया भेटायला आली, फराज मिठाईचे डबे घेऊन मागे धावला, कुणीतरी मशीन उचललं, कुणी नळी धरली. भाग्यश्रीने सिलिंडर लावून आईला गाडीत आणलं, नळी काढून पुन्हा मशीनला जोडली आणि सिलिंडर पुढच्या सीटपाशी ठेवून दिला. गाडी सुरू केली तेव्हा सव्वा वाजला होता आणि पडद्यावर सेहेचाळीस टक्के दिसत होते.

मालेगावबाहेरच्या चार्जरचा दिवा हिरवा होता. भाग्यश्रीने चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, गाडीला लावली, मोबाइलवर सुरू करायचं बटण दाबलं. आतून टकटक असा आवाज आला, पडद्यावर लाल अक्षरं उमटली आणि सगळं थांबलं. तिने पुन्हा केलं. मग गन काढून, पुसून, पुन्हा. मदत क्रमांकावरच्या मुलीने लांबून चार्जर बंद करून चालू केला, दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि मग म्हणाली की तंत्रज्ञ पाठवावा लागेल, तो उद्या येईल. बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं. आईसाठी एसी चालू ठेवावा लागत होता, आणि या खटाटोपात एक टक्का गेला.

त्या वेळी परत फिरता आलं असतं. फराजच्या घरी साध्या सॉकेटवर गाडी लावली असती तर रात्रीपर्यंत भरली असती, आणि गोजराबाईंना गुलजारबींच्या शेजारी आणखी काही तास बसता आलं असतं. भाग्यश्रीच्या मनात ते आलंही. पण लग्नघरात, मुलीची पाठवणी होत असताना आजारी माणूस घेऊन परत जायचं तिला अवघड वाटलं. आणि मुक्काम केला असता तर ललितला कळवावं लागलं असतं. चार्जिंगच्या अ‍ॅपवर तेवीस किलोमीटरवर उमराण्याचा चार्जर हिरवा दिसत होता. ती उमराण्याला निघाली.

उमराण्याच्या चार्जरला केबलच नव्हती. हॉटेलच्या आवारात पांढरी पेटी उभी होती, आणि जिथून गन लोंबायला हवी तिथे कापलेलं काळं टोक होतं. आतल्या तांब्यासाठी तीन दिवसांपूर्वी कुणीतरी कापून नेली, असं पहारेकऱ्याने सांगितलं. मग अ‍ॅपवर हिरवा कसा दिसतो, असं भाग्यश्रीने विचारलं. पेटी चालू आहे म्हणून दिसत असेल, तो म्हणाला. पेटीला काय माहीत केबल गेली ते.

चौतीस टक्के. घर अजून ब्याऐंशी किलोमीटर. आता भाग्यश्रीने मोबाइलच्या मागच्या बाजूला पेनाने लिहायला सुरुवात केली. किलोमीटर, टक्के, आईचा आकडा. पुढचा चार्जर वडनेर भैरव फाट्याजवळ, बत्तीस किलोमीटरवर. मध्ये राहूड घाट. तिने एसी कमी केला, वेग साठावर आणला. मागून येणारे ट्रक हॉर्न देत बाजूने जात होते. घाट चढताना टक्के डोळ्यांदेखत उतरत गेले. आरशात तिला आईचा चेहरा दिसत होता. कपाळावर घाम होता, डोळे मिटलेले होते. पायापाशी मशीन ठरावीक लयीत सुस्कारे टाकत होतं.

"बरी आहेस ना?"

"गाडी चालव तू. माझ्याकडं नको बघू."

चांदवडला रुग्णालयाची पाटी आली आणि गेली. आकडा ब्याण्णव होता. थांबायचं काही कारण नव्हतं. पुढे कितीतरी दिवस भाग्यश्रीला ती पाटी आठवत राहिली.

सव्वातीनला ती वडनेर फाट्याजवळच्या हॉटेलात वळली तेव्हा अठरा टक्के उरले होते. चार्जर होता, केबलही होती, आणि पडदा काळा ठिक्कर होता. दुपारी बारापासून त्या भागातली वीज गेली होती. मुख्य लाइनवर काहीतरी बिघाड झाला होता, आणि कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या आधी एक पांढरी इलेक्ट्रिक टॅक्सी तिथे उभी होती. तिचा चालक लिंबाच्या सावलीत बाजेवर बसला होता.

भाग्यश्रीने हॉटेलमालकाला मशीन दाखवलं आणि इन्व्हर्टरवर लावू द्याल का विचारलं. त्याने लगेच हो म्हटलं, स्वतः वायर ओढून दिली. मशीन दीड मिनिट चाललं. मग इन्व्हर्टरने लांब शिट्टी मारली आणि हॉटेलातले पंखेही थांबले. बारापासून त्याच बॅटरीवर सगळं चाललं होतं. तिच्यात काही उरलं नव्हतं. आईला पुन्हा गाडीच्या सॉकेटवर घेईपर्यंत आकडा सत्त्याऐंशी झाला होता. तो एकोणनव्वदवर आला आणि तिथेच थांबला. गाडीतली हवा तापली होती. गोजराबाईंचे खांदे आता प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते.

तिने रुग्णवाहिकेला फोन केला. जवळची गाडी एका अपघातावर गेली होती. यायला तास तरी लागेल, जास्तही लागू शकेल, असं पलीकडच्या माणसाने सांगितलं आणि पत्ता लिहून घेतला. मग तिने ललितला फोन केला. तो शांतपणे सगळं ऐकून घेत होता, आणि तेच तिला जास्त लागलं. मोठा सिलिंडर मिळवून निघतो, म्हणाला. सिन्नरहून यायला त्याला दोन तास लागणार होते.

ती गाडीत बसली. सतरा टक्के. म्हणजे सॉकेट आणखी दोन टक्के चालेल. एसीशिवाय तेवढ्यात मशीन दोन तास निघालं असतं, पण एसीशिवाय आई या गाडीत दोन तास काढू शकणार नव्हती. पुढे पिंपळगाव वीस किलोमीटरवर. तिथला चार्जर अ‍ॅपवर हिरवा होता. पिंपळगावला जायला दहा टक्के लागतील, म्हणजे सात उरतात. गाडी पोचते. सॉकेट वाटेत बंद पडेल, पण सिलिंडर तासभराचा आहे आणि रस्ता पंचवीस मिनिटांचा. तिने हे दोनदा मांडून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर बरोबर आलं. तिने सीटबेल्ट लावला.

तेवढ्यात काचेवर कुणीतरी बोटाने वाजवलं. टॅक्सीचालक होता. साठीचा, पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल. आपलं नाव इसाक, नाशिक-धुळे गाडी चालवतो, असं त्याने सांगितलं, आणि मागच्या सीटवरच्या नळीकडे एकदा पाहिलं.

"पिंपळगावला निघालात ना ताई? थोडं थांबा. अ‍ॅपला विचारून झालं, आता माणसाला विचारू."

वाटेतल्या प्रत्येक चार्जरशेजारच्या कुणा ना कुणाचा नंबर त्याच्याकडे होता. चहावाला, पंक्चरवाला, पंपावरचा माणूस. त्याने पिंपळगावच्या पंक्चरवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. चार्जर चालू आहे, तो माणूस म्हणाला, पण चालू आहे म्हणून सगळ्या गाड्या इथेच आल्यात. एकच गन, सहा गाड्या रांगेत, आणि दोन माणसं आत्ताच नंबरावरून भांडून गेली.

भाग्यश्रीने हात स्टिअरिंगवरून काढले. रांगेतले लोक आईला पाहून बाजूला झाले असते. कदाचित झाले असते. तिच्या हिशेबात रांगेसाठी जागाच नव्हती.

इसाक चांदवडचं रुग्णालय म्हणाला, आणि त्यानेच नकारार्थी मान हलवली. बारा-तेरा किलोमीटर मागे, चढाचं, आणि दुभाजकामुळे आधी पुढे जाऊन वळायचं. मग त्याला एक जागा आठवली. त्याची मुलगी द्राक्षांच्या हंगामात पॅकिंगच्या कामाला जायची, त्याच्या गाडीतून. इथून पाच किलोमीटर आत, मळ्यांमध्ये एक शीतगृह होतं. द्राक्षं संपली तरी बेदाणा ठेवलेला असतो. बेदाणा ठेवलेला म्हणजे थंडावा हवा, आणि थंडावा हवा म्हणजे डिझेलवरचा जनरेटर. तिथल्या सुपरवायझर सविताबाईंना तो ओळखत होता. त्याने फोन लावला आणि या वेळी मोबाइल भाग्यश्रीच्या हातात दिला. तुम्हीच विचारा, म्हणाला.

भाग्यश्रीने विचारलं. जनरेटर चालू आहे का, आत्ता, या क्षणी? पलीकडून बाईने उत्तर न देता फोन हवेत धरला असावा, कारण जनरेटरची घरघर भाग्यश्रीला स्पष्ट ऐकू आली. मग सविता म्हणाली, "या तुम्ही. मी वायर फाटकापर्यंत आणून ठेवते."

इसाकने विचारलं, मी मागे मावशींजवळ बसू का? रस्ता खराब आहे, मशीन धरायला कुणीतरी हवं. त्याने आपली टॅक्सी कुलूप लावून तिथेच सोडली. पुढचा सिलिंडर उचलून पायांमध्ये धरला, दुसऱ्या हाताने मशीन धरलं. गोजराबाईंनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा करून दिली.

निघताना सोळा टक्के होते. हायवे सोडल्यावर पहिला किलोमीटर डांबरी होता, मग खडी सुरू झाली. दोन्ही बाजूंना छाटलेल्या द्राक्षवेलींच्या ओळी, आणि मधून धुळीचा पांढरा रस्ता. भाग्यश्रीने एसी चालूच ठेवला. आता वाचवायचं काही उरलं नव्हतं. खड्डा आला की मशीन घसरायचं आणि इसाक ते गुडघ्याने दाबून धरायचा.

तिसऱ्या किलोमीटरला पडद्यावर पंधरा आले. गाडीने एकदा बारीक आवाज केला आणि मागचे सुस्कारे थांबले.

"आता सिलिंडर," भाग्यश्री म्हणाली. नळी कशी काढायची, वरची चावी कुठल्या बाजूला फिरवायची, हे तिने समोर बघत सांगितलं. इसाकने तसंच केलं. मग चावीवर त्याचा हात थांबला.

"काय झालं?"

"ताई, चावी थोडी उघडीच आहे."

तिला कळायला वेळ लागला नाही. हॉलच्या दारातली गर्दी, जिया, मिठाईचे डबे. नळी तिने काढली होती; चावी पुरती बंद केलीच नव्हती. तीन तास सिलिंडर हळूहळू गाडीत रिकामा होत होता, आणि मशीनच्या आवाजात तो ऐकू आला नव्हता. काटा किती दाखवतो, तिने विचारलं. लालच्या आत, इसाक म्हणाला. थोडी हवा येतेय. अगदी थोडी.

तासभराचा सिलिंडर. पंचवीस मिनिटांचा रस्ता. ती पिंपळगावला निघाली असती तर या घटकेला हायवेवर असती, आणि जवळपास कुणीही नसतं. हे सगळं तिच्या डोक्यातून एका झटक्यात गेलं, आणि मग तिने ते बाजूला सारलं, कारण समोर रस्ता दुभंगला होता.

"डावीकडे," इसाक म्हणाला. "पाण्याच्या टाकीच्या बाजूने."

"आकडा?"

"ब्याऐंशी."

वेग वाढवला तर खडीत चाक घसरत होतं. समोरून शेणखताचा ट्रॅक्टर आला आणि अर्धा रस्ता अडवून थांबला. भाग्यश्रीने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. ट्रॅक्टरवाल्याने काही म्हणायला तोंड उघडलं, गाडीच्या आत त्याची नजर गेली, आणि त्याने ट्रॅक्टर सरळ बांधाच्या उतारावर घातला. आरसा त्याच्या ट्रॉलीला घासून गेला.

मागे आता फक्त श्वासाचा आवाज होता. लहान, घाईघाईचा, वरच्या वर तुटणारा. सिलिंडर संपला होता. इसाकने तसं सांगितलं नाही, पण त्याने तो खाली ठेवल्याचा आवाज तिने ऐकला. फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं तिला आठवलं.

"आई, ओठ मिट. फुंकर घाल, दिवा विझवल्यासारखी. माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार. आता नाकाने घे. पुन्हा फुंकर."

ती मोठ्याने मोजत राहिली. थोड्या वेळाने इसाकही तिच्याबरोबर मोजू लागला. गोजराबाई ओठ मिटून फुंकर घालत होत्या, मध्येच सुटत होत्या, पुन्हा धरत होत्या. त्यांनी इसाकची बाही मुठीत पकडली होती. आकडा अठ्ठ्याहत्तर झाल्यावर भाग्यश्रीने तो विचारणं थांबवलं.

शीतगृहाचं फाटक उघडं होतं. सविता रस्त्यातच उभी होती. चाळिशीची, डोक्याला स्कार्फ बांधलेली, हातात पिवळ्या वायरचं बोर्ड. गाडी पूर्ण थांबायच्या आधी इसाकने दार उघडलं आणि प्लग तिच्याकडे दिला. मशीनने एक लांब सूर काढला, मग पहिला सुस्कारा टाकला. भाग्यश्री मागच्या सीटवर गुडघे टेकून आईचं डोकं सावरत होती. नळीतून हवा येतेय का ते तिने आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहिलं.

एक मिनिट काहीच झालं नाही. ऑक्सिमीटर शहात्तर दाखवत होता. गोजराबाईंची नखं जांभळी पडली होती, आणि डोळे उघडे असून त्या कुठेच बघत नव्हत्या. मग एकोणऐंशी. पुन्हा अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी. सविताने कुठूनतरी ओला टॉवेल आणून त्यांच्या मानेवर ठेवला होता. पंच्याऐंशीला त्यांचे खांदे थोडे खाली आले. अठ्ठ्याऐंशीला त्यांनी इसाकची बाही सोडली.

मग त्यांना एका खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून आत नेलं. माल उतरवायच्या जागेमागे एक खोली होती, तिथे शीतगृहाचा गारवा झिरपत यायचा. बेदाण्याचा गोड, जड वास होता. प्लास्टिकच्या क्रेटवर मशीन ठेवलं, पोत्यांवर गोधडी घालून गोजराबाईंना टेकून बसवलं. अर्ध्या तासात आकडा एक्क्याण्णव झाला. मग त्या पहिल्यांदा बोलल्या. त्यांना पाणी हवं होतं.

रुग्णवाहिका पाच वाजता तिथे आली. भाग्यश्रीने त्यांना नवा पत्ता कळवला होता. डॉक्टरांनी छाती तपासली, पायांवरची सूज पाहिली. रुग्णालयात यायचं असेल तर नेतो, म्हणाले, पण आत्ता या जागेपेक्षा चांगलं तिथे काही मिळणार नाही. मशीनवरच राहू द्या, गारव्यात, आणि दोन तास हलवू नका. गोजराबाईंनी मान डोलावली. साडेपाचला लाइन आली. सविताने जनरेटर बंद केला आणि न विचारताच भाग्यश्रीची गाडी बाहेरच्या सॉकेटला लावली.

इसाकला त्याच्या टॅक्सीपर्यंत सोडायला कामगारांपैकी एकजण मोटारसायकल घेऊन निघाला. भाग्यश्री फाटकापर्यंत गेली. तिने एवढंच विचारलं, की तुम्ही काच वाजवलीत ती का? तो थोडा विचार करून म्हणाला, तुमचा चेहरा हिशेब जुळल्यासारखा झाला होता, आणि मला पिंपळगावची रांग माहीत होती. मग त्याने तिच्याकडून तिचा नंबर घेतला. मावशींचं उद्या कळवा, म्हणाला, आणि गेला.

ललित साडेसहाला पोचला. मोठा सिलिंडर गाडीत आडवा बांधून आणला होता. तो आत आला, आईच्या कपाळाला हात लावला, मशीनकडे पाहिलं, आणि भाग्यश्रीला घेऊन बाहेर माल उतरवायच्या कट्ट्यावर आला. ती तो ओरडायची वाट बघत होती. त्याआधी तिनेच सांगून टाकलं. परत फिरता येत होतं ते. चांदवडची पाटी. सिलिंडरची चावी.

"आणि मी पिंपळगावला निघाले होते," ती म्हणाली. "तो माणूस आला नसता तर गेलेच असते. मला खात्री होती, ललित. दोनदा मोजलं होतं मी."

ललितने कट्ट्यावरचा एक वाळका देठ उचलला, तोडत राहिला.

"मी नको म्हणालो ते भीतीपोटी," तो म्हणाला. "नको म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. सोबत येतो म्हणालो असतो तर सिलिंडर मी धरला असता."

आतून आईचा आवाज आला. ललितला हाक मारत होत्या. तो गेल्यावर त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि मधूनमधून थांबत, दम घेत सांगितलं की तिला बोलू नको. मी माझ्या मनानं गेले व्हते. गुलजारनं माझा हात सोडला नाय. दोन वरसांत कुणी धरला नव्हता तसा.

मागे दारात उभी असलेली भाग्यश्री ते ऐकत होती. दोन वर्षं तीच त्यांना न्हाऊ घालत होती, औषधं देत होती, नळी धूत होती. तिला वाईट वाटलं, आणि आई खरं बोलते हेही कळलं.

सातनंतर ते निघाले. गोजराबाई ललितच्या गाडीत, मोठ्या सिलिंडरवर. त्याची चावी भाग्यश्रीने आणि ललितने दोघांनी एकेकदा तपासली. सविताने बेदाण्याची एक पिशवी आईच्या मांडीवर ठेवली. भाग्यश्रीच्या गाडीत एकतीस टक्के झाले होते. एकटीला घरी जायला तेवढे पुरेसे होते. ती ललितच्या मागे निघाली. मागे मशीन बंद होतं आणि गाडीत कसलाच आवाज नव्हता.

ओझरच्या जवळ तिला गाडी चालवणं जमेना. तिने गाडी बाजूला घेतली, दिवे लुकलुकत ठेवले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. दोनच मिनिटांत ललितचा फोन आला. कुठे राहिलीस, आई विचारतेय.

"आले," ती म्हणाली. "तुम्ही चला पुढे. दहा मिनिटं बसते आणि येते."

"आम्ही थांबतो," ललित म्हणाला.

पुढे दीडशे मीटरवर त्याची गाडी कडेला घेतलेली तिला दिसली. ती हात दाबून तशीच बसून राहिली. दहाची पंधरा मिनिटं झाली, पण पुढून कुणी घाई केली नाही.